दुकानातली शांतता

इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या दुकानात नॉइज कॅन्सलिंग हेडफोन कधीच हरत नाही. काउंटरवरचा मुलगा तो अदबीने आपल्या डोक्यावर चढवतो, बाजूचं बटण दाबतो आणि आपल्या चेहऱ्याकडे बघत उभा राहतो. चेहरा बदलणार हे त्याला पाठ असतं. छतातल्या एसीची घरघर, मागच्या रांगेतल्या फ्रिजांची गुणगुण, काचेपलीकडे सिग्नलला थांबलेल्या बसची धडधड, सगळं एकदम गुल. आपण "अरे वा!" म्हणतो, आणि जरा जास्तच मोठ्याने म्हणतो. मग किमतीची चिठ्ठी उलटून बघतो.

यात फसवाफसवी काही नाही. फक्त दुकानात जो काही आवाज असतो, तो जवळपास सगळा या यंत्राला पुसता येईल अशा जातीचा असतो. घरचा आवाज त्या जातीचा असेलच असं नाही. म्हणून "कोणता घेऊ गं?" असं मला कुणी विचारलं की मी कंपनीचं नाव सांगत नाही. उलट विचारते, "तुझ्याकडे आवाज कसला आहे?" लोकांना वाटतं ही टाळतेय. पण या खरेदीत मला तरी हाच एक प्रश्न कामाचा वाटतो. बाकीचे सगळे त्याच्या मागून येतात.

माझ्याकडे आवाज आहे तो रीडेव्हलपमेंटचा. ठाण्यात आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून असलेली जुनी इमारत पाडून तिथे टॉवर चढतोय. माझं काम घरून चालतं. लोकांच्या रेकॉर्ड केलेल्या मुलाखती ऐकायच्या आणि शब्द न् शब्द टाइप करून द्यायच्या. बोलणारे बहुतेक सत्तरीच्या पुढचे, रेकॉर्डर टेबलाच्या भलत्याच टोकाला ठेवलेला, आणि ऐन महत्त्वाच्या वाक्याला कुणीतरी चहाचे कप आणून ठेवतं. आजोबा वाक्याचा शेवट गिळतात. त्या मोर्चात ते होते की नव्हते, हे कळायला तेच वाक्य पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकावं लागतं. अशा वेळी खिडकीखाली काँक्रीट फोडणारा ब्रेकर सुरू झाला की हातातलं काम ठेवून चहा करायला उठावं, हेच बरं.

तर हेडफोन नेमकं करतो काय? कानावरच्या वाटीच्या बाहेर आणि आत बारीक मायक्रोफोन बसवलेले असतात. ते येणारा आवाज पकडतात, आतली चिप त्याची बरोब्बर उलटी लहर तयार करते आणि स्पीकरमधून कानाशी सोडते. एका लहरीने हवेचा दाब वाढायची वेळ येते तेव्हा दुसरी तो कमी करते, आणि दोघी मिळून एकमेकींना संपवतात. ऐकायला सोपं आहे. मेख आहे ती वेळेत.

१०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला शंभर आवर्तनांचा, कंप्रेसरच्या घरघरीसारखा खर्जातला आवाज घ्या. ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे या आवाजाची एक लहर साडेतीन मीटरच्या आसपास लांब आणि तिचं एक आवर्तन १० मिलिसेकंदांचं. उलटी लहर सोडताना ०.१ मिलिसेकंद पुढेमागे झालं तर शंभरात एका भागाची चूक. चालून जातं. आता ३,००० हर्ट्झचा आवाज घ्या. कुकरच्या शिट्टीतला किंवा फरशी कापणाऱ्या कटरच्या किंचाळीतला टोकदार भाग या पट्ट्यातला. इथे लहर जेमतेम ११ सेंटीमीटर आणि आवर्तन मिलिसेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. तीच ०.१ मिलिसेकंदाची चूक इथे आवर्तनाचा जवळजवळ तिसरा भाग होते, आणि आवाज कमी व्हायचा सोडून वाढायची पाळी येते. म्हणून साधारण १,००० हर्ट्झच्या वर हे यंत्र हात आखडता घेतं. तिथून पुढची राखण कानाभोवतीच्या जाड गादीने करायची. त्या गादीला ना चिप लागते ना बॅटरी, आणि जाहिरातीत तिचं नावही नसतं.

हे यंत्र असंच का घडलं, ते त्याच्या जन्माकडे पाहिलं की कळतं. उलट्या लहरीने आवाज मारायची कल्पना जुनी आहे. जर्मनीतल्या पॉल ल्यूग यांना तिचं अमेरिकी पेटंट १९३६ मध्ये मिळालं. पण तेव्हाची यंत्रं त्या वेगाने काम करण्याच्या लायकीची नव्हती. १९५० च्या दशकात लॉरेन्स फोगेल यांनी हीच कल्पना विमान आणि हेलिकॉप्टरच्या कॉकपिटसाठी मांडली. मग १९७८ मध्ये एमआयटी या अमेरिकी विद्यापीठातले प्राध्यापक आणि बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस झुरिकहून बोस्टनला विमानाने निघाले होते. विमान कंपनीने प्रवाशांना नव्या धाटणीचे हेडफोन दिले होते. बोस यांनी ते कौतुकाने लावले आणि इंजिनाच्या घरघरीपुढे संगीताचा पार चोळामोळा झालेला ऐकला. त्याच प्रवासात कागद काढून त्यांनी गणितं मांडायला सुरुवात केली. हे बोस म्हणजे इंग्रजांचा ससेमिरा चुकवून अमेरिकेत गेलेल्या ननी गोपाल बोस या बंगाली क्रांतिकारकाचा मुलगा. फिलाडेल्फियात शाळकरी वयातच तो रेडिओ दुरुस्त करून घराला हातभार लावत होता. मला त्या कागदांपेक्षा त्या रेडिओंचं जास्त कौतुक आहे, पण ते असो.

विमानातल्या त्या गणितांचा विक्रीचा माल व्हायला अकरा वर्षं लागली. १९८६ मध्ये डिक रुटान आणि जीना यीगर यांनी वाटेत कुठेही न उतरता, इंधन न भरता व्हॉयेजर विमानातून पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा त्यांच्या कानांवर बोसचे प्रायोगिक हेडसेट होते. नऊ दिवस त्या इंजिनांच्या शेजारी बसायचं होतं. जर्मनीत झेनहायझर कंपनीही त्याच दशकात लुफ्तान्साच्या वैमानिकांसाठी याच कामाला लागली होती. १९८९ मध्ये बोसने वैमानिकांसाठी हेडसेट बाजारात आणला, आणि तुमच्याआमच्यासाठी 'क्वाएट कम्फर्ट' आला तो २००० मध्ये. तारा गेल्या त्या आणखी पुढे. २०१६ मध्ये बोसचा क्यूसी ३५ आणि सोनीचा एमडीआर-१०००एक्स असे दोन बिनतारी हेडफोन आले आणि आज ज्या स्पर्धेवर लोक हिरिरीने भांडतात ती सुरू झाली.

म्हणजे हे बाळ विमानात जन्मलं आणि विमानातच वाढलं. विमानाचा आवाज याच्यासाठी आदर्श शत्रू: खर्जातला, सलग, तासन्‌तास न बदलणारा. परदेशी परीक्षणकर्ते अजूनही "अटलांटिक पार करताना लावून पाहिला" अशी सुरुवात करतात. आपल्याला ठाण्याहून दादरला जायचं असतं. एसी लोकलमध्ये हेडफोन उत्तम चालतो, कारण बंद दारांमुळे आत उरते ती मुख्यतः मोटरची आणि एसीची घुमघुम. साध्या लोकलमध्ये वारा आहे, रुळांची खडखड आहे, चौथ्या सीटवरून चाललेली चर्चा आहे, "चिंचपोकळीला उतरणार का?" आहे. वारा तर बाहेरच्या मायक्रोफोनवरच आपटतो आणि कानात फडफड आणून सोडतो. दाराशी उभं राहून, रुळांच्या आसपास किंवा रस्ता ओलांडताना तर हे यंत्र डोक्यावर नसावंच. खर्जातला आवाज पुसला जातो म्हणजे येणाऱ्या ट्रकचाही पुसला जातो.

घरी आणल्यावर माझ्या आवाजांची वाटणी अशी झाली. साइटवरचा डिझेल जनरेटर गेला, पार गेला. काँक्रीटच्या गाडीचं फिरणारं पोट गेलं. घरातला पंखा आणि एसी गेला. ब्रेकरच्या 'ठण्ण'मधला मागचा घुमारा गेला, पुढचा 'ठ' तेवढा राहिला, आणि तो टिचकीएवढा झाल्यामुळे त्याच्यासोबत नांदता येतं. फरशीचा कटर मात्र बराचसा तसाच. मिक्सरचं चिरकणंही तसंच, थोडं लांब गेल्यासारखं. मिरवणुकीतला डीजे मुळात कानाने ऐकायचा प्रकारच नाही, तो छातीच्या पिंजऱ्यातून आणि पायाखालच्या फरशीतून येतो. त्यावर कानाला लावायचं कुठलंच साधन पुरं पडत नाही.

आणखी एक गोष्ट झाली, तिच्याबद्दल खोक्यावर काही लिहिलेलं नसतं. पंखा, एसी, रस्ता यांची सलग घरघर घरातल्या बाकी आवाजांवर चादरीसारखी पसरलेली असते. हेडफोन ती चादर ओढून घेतो आणि खालचे आवाज उघडे पडतात. बटण दाबण्याआधी जे बोलणं घरघरीत विरून जात होतं, ते आता स्वच्छ ऐकू येऊ लागलं. शेजारच्या वहिनी फोनवर कुणाच्या लग्नाबद्दल काय म्हणतात, ते मला हेडफोन घेतल्यापासून कळू लागलं. माणसाचं बोलणं समजतं ते मुख्यतः त्यातल्या वरच्या पट्टीतल्या व्यंजनांमुळे, आणि यंत्राचा हात तिथवर पोचत नाही. मग त्यावर हळू आवाजात काहीतरी लावावं लागतं. मी मुलाखती ऐकत असते म्हणून माझं भागतं. नुसत्या शांततेसाठी हेडफोन घेणारे इथे हिरमुसतात.

आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, या प्रकरणात पहिल्यापासून रस. पहिल्याच दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातून हाक मारली, मी "आले" म्हणाले, आणि त्या थेट दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तुला ऐकू आलं?"

"हो आई. तुमचा आवाज येतो."

"मग इतके पैसे कशाचे दिलेस?"

यावर मी १,००० हर्ट्झचं वगैरे काहीतरी सांगू लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे मशीनचं ऐकू येत नाही, माणसाचं येतं. बरं आहे की मग." आणि कोथिंबीर निवडायला गेल्या. इतकं नेमकं परीक्षण मी अजून कुठे वाचलेलं नाही.

आता निवडीचं बोलू. मी शेवटी कोणता घेतला ते मुद्दाम सांगत नाही. नाव सांगितलं की लोक पुढचं ऐकत नाहीत. वरच्या फळीतल्या चारपाच हेडफोनांमध्ये आवाज पुसण्याचा फरक आता इतका थोडा उरला आहे की त्यावरून झोप घालवू नये. फरक पडतो तो डोक्यावर. सोनीचे अलीकडचे हेडफोन २५० ग्रॅमच्या आसपास आहेत, ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स धातूच्या वाट्यांमुळे ३८५ ग्रॅमच्या जवळ जातो. हातात धरल्यावर हा जवळपास १३५ ग्रॅमचा फरक वजनदार, दर्जेदार वाटतो. टाइप करता करता दुपार झाली की मान तोच फरक वेगळ्या शब्दांत सांगते.

दुसरं म्हणजे चष्मा. चष्म्याची काडी गादी आणि कानशील यांच्यात फट पाडते आणि त्या फटीतून सगळ्यात आधी शिरतो तो खर्ज, म्हणजे नेमका ज्याच्यासाठी पैसे मोजले तो आवाज. म्हणून दुकानात स्वतःच्या रोजच्या चष्म्यासकट बसावं. लाजू नये. अर्धा तास बसावं, गाणं न लावता बसावं, जबडा हलवून बघावा, सोबत आलेल्याला बडबड करायला सांगावं. काहींना बटण दाबताच कानात दडे बसल्यासारखं वाटतं, घाट चढताना वाटतं तसं. आत खरा दाब वाढलेला नसतो, तरी डोकं जड होतं. काहींचं ते सवयीने जातं, काहींचं नाही. आपण कुठल्या गटात आहोत हे परीक्षण वाचून कळत नाही.

घाम हा विषय परदेशी लेखांत जवळपास नसतो. मे महिन्यात ठाण्यात दोन्ही कान कृत्रिम कातड्याच्या गादीत बंद करून बसणं म्हणजे काय ते बसणाऱ्यालाच ठाऊक. गादी ओली होते, पावसाळ्यात सुकत नाही, आणि काही काळाने तिचं वरचं आवरण सुटून काळे कपटे कानाला आणि उशीला चिकटू लागतात. तेव्हा घेण्याआधी या मॉडेलच्या गाद्या वेगळ्या मिळतात का आणि घरच्या घरी बदलता येतात का, हे विचारून ठेवावं. काउंटरवरच्या मुलाला बहुधा माहीत नसतं. त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

बॅटरीवर मी फार वेळ घालवणार नाही. एका चार्जवर ३० तास आता नेहमीचे झाले, झेनहायझरचा मोमेंटम ४ तर ६० तासांचा दावा करतो. पण ती बॅटरी म्हातारी झाली की बदलणार कोण, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच. संगीतवाल्यांमध्ये कोडेकवरून, म्हणजे ब्लूटूथने आवाज आवळून पाठवायच्या एलडॅक, एएसी अशा पद्धतींवरून, जी खडाजंगी चालते तिचंही तसंच. एलडॅक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती नेतो हे खरं, पण आयफोनला एलडॅक येतच नाही, तो एएसीवर चालतो. हातात आयफोन असताना एलडॅकसाठी जास्त पैसे मोजणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

खरी गफलत होते ती दोन अक्षरांत. बजेटवाल्या खोक्यांवर मोठ्या टायपात 'ईएनसी' छापलेलं असतं. आपण ते 'एएनसी', म्हणजे ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलिंग, समजून घेऊन येतो. एएनसी आपल्या कानांसाठी, ईएनसी पलीकडच्या माणसासाठी: आपण कॉलवर बोलताना आपल्या मागचा गोंगाट त्याला कमी ऐकू जावा म्हणून. नुसता ईएनसीवाला हेडफोन लावून आपण ब्रेकरसमोर बसलो तर साहेबांना शांतता आणि आपल्याला ब्रेकर. उलटंही होतं. तीस हजारांच्या हेडफोनमधून आपल्याला स्वर्गीय शांतता आणि मीटिंगमधले सगळे विचारतायत, "तुमच्याकडे काय पाडतायत?" म्हणून खोलीचं दार उघडं ठेवून कुणालातरी एक फोन लावावा आणि त्यालाच विचारावं.

लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. मीटिंगसाठी हेडफोनचाच माइक चालू झाला की बऱ्याच लॅपटॉपवर ब्लूटूथ कॉलच्या पद्धतीवर उतरतं आणि कानातला आवाज एकदम जुन्या टेलिफोनचा होतो. हेडफोन बिघडलेला नसतो. माइक लॅपटॉपचा ठेवावा, ऐकायला हेडफोन ठेवावा, आवाज पूर्ववत. मी तर कामासाठी सरळ वायर लावते. बिनतारी म्हणून घेतला आणि वायर लावून वापरते याची नवऱ्याला गंमत वाटते. पण ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो, आणि पायाच्या पेडलने रेकॉर्डिंग पुढेमागे करणाऱ्याला तो उशीर चांगलाच खुपतो. वायरची जागाच नसलेले काही महागडे हेडफोन मी त्या एका कारणावरून यादीतून काढले.

कानांच्या बाजूने बोलायचं तर या यंत्राचा एक उपकार मोठा आहे. गोंगाटात आपण गोंगाटाच्या वर गाणं चढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून ठरवलेलं प्रमाण मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास, तेही ८० डेसिबलवर, असं आहे. लहान मुलांसाठी ७५ वर. साध्या इअरफोनवर लोकलमध्ये ऐकणारा हे प्रमाण नकळत ओलांडत असणार. खालची घरघर गेली की आवाजाची पट्टी आपोआप खाली येते. माझी बरीच आली.

पण तीस हजार रुपये मोजून मी विकत घेतलेली शांतता कागदावर मला आधीच मिळालेली आहे, हेही डोक्यातून जात नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० पासून लागू आहेत: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांनी यासाठी उच्च न्यायालयाचे उंबरठे झिजवले, आवाज फाउंडेशनच्या सुमैरा अब्दुलाली सणासुदीला मीटर घेऊन रस्त्यावर आकडे मोजत फिरल्या. त्यांनी मागितलेली शांतता सगळ्यांसाठी होती, खिडकीखालच्या रखवालदाराच्या तान्ह्या मुलीसाठीसुद्धा. माझी फक्त माझ्या डोक्याच्या मापाची आहे. ब्रेकर चालवणाऱ्या पोराच्या कानात तर कापसाचा बोळाही नसतो. मी खाली जाऊन मुकादमाला एकदा विचारलं. त्याने कार्यालयात पडून असलेले कानावरचे रक्षक दाखवले. "देतो मॅडम, घालत नाहीत," म्हणाला. पोरगा म्हणाला, "घाम येतो."

परवा एका मैत्रिणीचा फोन आला. वाढदिवसाला स्वतःलाच भारी हेडफोन घ्यायचा म्हणत होती, बजेट तयार, दोन नावं काढून ठेवलेली, त्यातलं एक मी पक्कं करायचं. मी ठरलेला प्रश्न विचारला. थोडं थांबून ती म्हणाली, "ह्यांचं घोरणं." मग मला सांगावं लागलं की घोरण्यातला खर्ज बऱ्यापैकी जाईल, पण वरचा खरखराट राहील, आणि हा एवढा मोठा प्रकार कानांवर चढवून कुशीवर झोपता येत नाही. मेडिकलमधून फोमचे इअरप्लग आण म्हटलं, पन्नास-शंभर रुपयांत काम होईल. त्यावर तिने आधी आभार मानले, मग हिशेब केला. उरलेल्या पैशांत ती आता पाहुण्यांच्या खोलीत एसी बसवतेय. ह्यांच्यासाठी.